गाडी एकाकडे, हत्यारं दुसऱ्याकडे

गल्लीच्या टोकाला एक घर होतं. मधोमध भिंत घालून त्याची दोन घरं झाली होती. डावीकडे राहायचे गाडीवाले, उजवीकडे पानेवाले. दोघे सख्खे भाऊ. ही त्यांची आडनावं नव्हेत. गल्लीने बहाल केलेल्या पदव्या. गल्ली पदवी देताना परीक्षा घेत नाही, नुसती मजा बघते.

त्याचं झालं असं. त्यांचे वडील एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टर म्हातारे झाले, त्यांच्याबरोबर त्यांची गाडीही म्हातारी झाली, आणि एके दिवशी डॉक्टरांनी ती ड्रायव्हरलाच देऊन टाकली. गोल डोळ्यांसारखे दिवे, दाराखाली पाय ठेवायला लांब फळी, आणि दार उघडलं की गुडघे धरून उठणाऱ्या बाईसारखी कण्हणारी. वडिलांनी तिच्यासाठी हत्यारांची पेटी जमवली. काही हत्यारं विकत घेतली, काही स्वतः घडवली. वडील गेले आणि वाटणी करायला मामा आले. मामा म्हणजे न्यायाचा पुतळा. भिंत घालून झाली, भांडीकुंडी झाली, राहिली गाडी. एक गाडी आणि दोन भाचे. मामा अंगणात येरझाऱ्या घालत राहिले आणि चहा गार झाल्यावर निकाल दिला, "धाकट्याला गाडी. थोरल्याला हत्यारं. ह्याचं त्याच्यावाचून अडेल, त्याचं ह्याच्यावाचून. भांडायची सोयच ठेवलेली नाही!"

मामांनी जन्मात एवढं एकच शहाणपण केलं, आणि तेच अंगलट आलं.

धाकटे, म्हणजे गाडीवाले, चष्म्याच्या काचा घासायचे. बाजारात त्यांचं अरुंद दुकान होतं. आत एक माणूस वळला तर दुसऱ्याला बाहेर यावं लागे. पण काम असं, की त्यांनी घासलेली काच डोळ्यांवर आहे हे डोळ्यांनाही कळू नये. त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला वायदा म्हणून द्यायचा नाही. "कधी मिळेल?" विचारलं की म्हणायचे, "झाला की सांगतो." काच घासून, फ्रेममध्ये बसवून, उजेडाला धरून खात्री झाली, की मग निरोप जायचा. लोक कुरकुरत, पण त्यांच्याकडेच येत. शब्द मोडलेला माणूस आणि चरा पडलेली काच दोन्ही आपल्याला चालत नाहीत, असं ते म्हणत. मोठं वाक्य आहे. ह्याच वाक्याने त्यांचा घात केला, पण ते पुढे.

थोरले, म्हणजे पानेवाले, पाणी उपसायच्या पंपावर फिटर होते. हात लोखंडाचे आणि जीभ तिखट. माणूस वाईट नाही हो, पण ज्याच्यावर माया त्याला टोचून बोलायचं, ही त्यांची प्रेमाची पद्धत. ज्याला ते काहीच बोलत नसत, त्याने समजावं की आपण त्यांच्या मनातून उतरलो.

वाटणीची माती अजून ओली होती तेव्हाची गोष्ट. धाकट्यांना प्लग काढायचा पाना हवा होता. ते भिंतीला वळसा घालून थोरल्यांच्या ओट्यावर गेले. तिथे पंपावरची चार मंडळी चहा घेत बसली होती. थोरल्यांनी त्यांना पाहिलं आणि हात जोडून उभे राहिले, "या, या, मालक! गाडी नेलीत, आता पानाही न्या. उद्या या आणि मलाच मागच्या डिकीत टाकून न्या!"

मंडळी खदखदून हसली. थोरल्यांनी हसत हसत पाना काढूनही ठेवला होता. पण धाकट्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, "तुझ्या गंजक्या पान्यांवाचून माझं काही अडत नाही, दादा."

झालं. एवढंच भांडण. ह्यात ना शिवी, ना हाणामारी. गल्लीला तर ते भांडण वाटलंसुद्धा नाही, जरा निराशाच झाली. पण ते एक वाक्य धाकट्यांच्या गळ्यात पडलं. काही अडत नाही म्हटल्यावर काही अडता कामा नये. त्यांनी एकेक करून स्वतःचे पाने घेतले. जे जमत नव्हतं ते गॅरेजमधल्या मिस्त्रीकडून करून घेतलं. गाडी चालत राहिली आणि भाऊ बोलायचे थांबले. अगदीच समोरासमोर आले तर "बरं आहे ना?" "बरं आहे." पुढे नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

जावांचं मात्र छान चाललं होतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. ओल्या चादरींच्या आडून दोघी अख्ख्या गल्लीचा हिशेब लावायच्या. भिंत पुरुषांसाठी होती. बायकांनी ती फक्त टेकायला वापरली.

अशाच एका सकाळी धाकट्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, रिकामी बादली घेऊन आत आली आणि म्हणाली, "दादा चाललेत. कायमचे. लेकीकडे राहणार. घर विकलं त्यांच्या बाजूचं."

धाकटे दाढी करत होते. वस्तरा गालावर थांबला.

"कधी?"

"महिनाअखेर. रेल्वेचं आरक्षणही झालंय."

"जाऊ दे की. मला काय करायचंय?" असं म्हणून त्यांनी उरलेली दाढी केली, आणि हनुवटीला चांगला काप घेतला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले नाहीत. गाडीचं बॉनेट उघडून बसले.

गाडीला एक जुनं दुखणं होतं. सुरू केली की चीं चीं करून किंचाळायची आणि बाजार ओलांडेपर्यंत तापून वाफ सोडायची. आठवड्यातून एकदा दुकानापर्यंत जाऊन यायचं, तेही निम्म्या वाटेत थांबून पाणी घालून, एवढीच तिची मजल. गाडीवाल्यांनी दर वेळी पट्ट्याला दोष दिला. इंजिनाच्या पुढच्या टोकाला खाली एक लोखंडी पुली असते. तिच्यावरून रबरी पट्टा वर जातो आणि पंखा, पाण्याचा पंप सगळं फिरवतो. पट्टा किंचाळला की ते नवा पट्टा आणायचे. नवा पट्टा चार दिवस गप्प बसायचा, की पुन्हा चीं चीं. दुकानदार त्यांना लांबून पाहूनच पट्टा काढून ठेवायचा.

त्या दिवशी मात्र ते काच तपासायचं भिंग घेऊन खाली वाकले. आणि दिसलं. पुलीची खाच झिजली होती. पट्ट्याने खाचेच्या दोन बाजूंना धरायचं असतं, तळाला टेकायचं नसतं. इथे बाजू इतक्या झिजल्या होत्या, की पट्टा तळाला जाऊन बसला होता, आणि तळ आरशासारखा गुळगुळीत झाला होता. त्या तळात त्यांना स्वतःची कापलेली हनुवटीही दिसली म्हणे. पट्टा तिथे घसरणार नाही तर काय करणार? इतकी वर्षं दोष पट्ट्याला आणि रोग पुलीला.

काकू चहा घेऊन आली. "आज काय काढलंय हे?"

"पुली बदलायची."

"इतक्या वर्षांनी आजच?"

काकूने पेला हातात दिला, पण सोडला नाही.

"सांगा."

"स्टेशन लांब आहे," गाडीवाले चहाकडे बघत म्हणाले. "दोघांचं सामान असेल. वहिनींचे गुडघे... म्हटलं, आपल्या गाडीतून सोडावं. बाबांची गाडी आहे. त्याचीही आहे तशी."

काकूने पेला सोडला. मग हळूच म्हणाली, "अहो, मग आत्ताच जाऊन सांगा ना त्यांना. इथे दोन पावलांवर तर आहेत."

"आणि ऐन वेळी तापली तर? मधल्या चौकात वाफ सोडत उभा राहू? म्हणेल, मालक, ढकलू का? नको. आधी होऊ दे. झाली की सांगतो."

हा दुकानातला नियम. काचेसाठी बरा होता.

आता पुली काढायची कशी? समोरची पाण्याची टाकी उतरवली, हँडल अडकवायचा मोठा नट सोडवला, पण पुली आपल्या जागी घट्ट. हलेना. पुली ओढून काढायचा बाजारातला तीन पायांचा पुलर तिच्या मागे शिरेना. बोट जाईल एवढीही जागा नव्हती. मिस्त्रीला बोलावलं. त्याने एक नजर टाकली आणि घण मागितला.

"चार घाव, की बाहेर!"

"बिडाची आहे रे, तडकेल!"

"काका, तसंही नवीनच करायचीये ना?"

"आणि दांडा वाकला तर नवीन आणशील? तुझ्या घरी पडलाय का?"

मिस्त्री हसत हसत निघून गेला. जाता जाता म्हणाला, "हिच्यासाठी तुमच्या वडिलांनी खास पुलर बनवला होता. त्या दोन भोकांत बसतो तो. आहे ना घरात?"

होता. भिंतीपलीकडे. एक जाड लोखंडी पट्टी, दोन बाजूंना दोन बोल्ट, मधोमध एक लांब. दोन बोल्ट पुलीच्या भोकांत पिळायचे आणि मधला आवळत न्यायचा, की पुली निमूट बाहेर येते. लहानपणी वडील तो आवळायचे तेव्हा दोघं भाऊ दोन बाजूंना उकिडवे बसून बघत असत, आणि कोणाच्या बाजूचा बोल्ट आधी हलतो ह्यावर भांडत.

"आणू का मागून?" काकू म्हणाली.

"खबरदार!"

"मग?"

"टर्नरकडून नवा पुलर करून घेतो."

"त्या टर्नरचा पुलर होईपर्यंत दादांची नातवंडं म्हातारी होतील."

हे खरं होतं. टर्नर हा गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा लेथवाला. गाडीवाले कधीच वायदा देत नसत. टर्नर मागाल तितके वायदे द्यायचा आणि एकही पाळायचा नाही. दोघांच्या मध्ये कुठेतरी एक शहाणा माणूस मावला असता.

संध्याकाळी काकू भाजीची पिशवी घेऊन आली. भाजीच्या पिशवीत भाजी नव्हती. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. तिने ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

गाडीवाल्यांनी टॉवेल उलगडला. तोच.

"तू मागितलास?"

"जाऊबाईंनी दिला. गुपचूप. दादांना पत्ता नाही." काकूने हे एका दमात सांगितलं आणि स्वयंपाकघरात शिरली. "काम झालं की सांगा, जागेवर ठेवून येते!"

गाडीवाल्यांनी पुलर उजेडाला धरला. आता बघा, हा माणूस काचेवरचा चरा हात लावून ओळखणारा. पुलर लखलखत होता. गंजाचा ठिपका नाही. मधल्या बोल्टच्या आट्यांना ताजं ग्रीस होतं. बाजूचे दोन्ही बोल्ट कोरे करकरीत, अजून दुकानातल्या तेलाचा वास असलेले.

"वहिनी हत्यारांना ग्रीस लावतात वाटतं?" त्यांनी आत विचारलं.

"बायकांना काय, दिसेल ते पुसायची सवय," आतून उत्तर आलं. भांडं जरा जोरात आपटलं.

त्यांना कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं? गल्लीत ह्यावर दोन मतं आहेत. पण दादाला माहीत नाही, म्हणजे आपलं काही अडलं नाही, हा हिशेब त्यांना सोयीचा होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि इथे तर ताकही दुसऱ्याने आणून दिलेलं.

दुसऱ्या सकाळी पुलरने काम चोख केलं. मधला बोल्ट आवळला, आवळला, मग 'टक' असा एक आवाज झाला आणि पुली हातात आली. गाडीवाल्यांनी नकळत दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथे कोणी उकिडवं बसलेलं नव्हतं.

त्यांनी पुलर पुसला, टॉवेलात गुंडाळला आणि काकूला म्हणाले, "जा, ठेवून ये. त्याला कळायच्या आत."

काकू टॉवेल छातीशी धरून क्षणभर उभी राहिली. "तुम्हीच जाता का? सहज. जाऊबाईंना भेटायला म्हणून."

"आणि तो दारात असला तर हातात काय आहे म्हणून सांगू?"

काकूने तोंड उघडलं, मिटलं आणि पिशवी घेऊन गेली. लवकर परत आली.

"ठेवलास?"

"ठेवला," ती म्हणाली आणि दिवसभर फारसं बोलली नाही. गाडीवाल्यांना वाटलं, पाय दुखत असतील.

झिजलेली पुली घेऊन ते टर्नरकडे गेले. टर्नरने ती बोटांत फिरवली.

"अरे बापरे! काका, ही पुली आहे की चाटून ठेवलेली वाटी?"

"माप ह्यावरून घेऊ नकोस, हे झिजलेलं आहे. नवा पट्टा आणलाय, खाच त्याच्या बाजूंना बसेल अशी काप. तळाला मोकळं राहिलं पाहिजे. आणि पुली दांड्यावर अडकवणाऱ्या चावीची खाच तंतोतंत, नाहीतर डुगडुगेल."

"कधी हवी?"

इथे तोंड उघडायला हवं होतं. हा टर्नर पोरवयात पंपावर उमेदवारी करायचा; त्याला लोखंडाचा धडा पानेवाल्यांनी दिलेला, कानाखालीसुद्धा त्यांनीच दिलेली. 'दादा चाललाय, त्याला सोडायचंय' एवढं म्हटलं असतं, तर त्याने हातातलं सगळं बाजूला सारून लेथ सुरू केलं असतं. पण गाडीवाले म्हणाले, "लवकर."

"उद्या देतो!" टर्नर म्हणाला, आणि तो जगातल्या सगळ्या टर्नरांचा उद्या होता.

मग सुरू झाल्या खेपा. आज बीड मिळालं नाही. आज वीज नव्हती. आज झाली आहे, नुसती चावीची खाच राहिली आहे. गाडीवाले रोज जायचे, दारात उभे राहायचे, आणि परत यायचे. येताना थोरल्यांच्या दारावरून यावं लागे. तिथलं दार हल्ली सताड उघडं असायचं. आत खोकी बांधलेली दिसत, भिंतींवर फोटो काढल्याचे पांढरे चौकोन दिसत, आणि दारातच खुर्ची टाकून पानेवाले बसलेले दिसत. गाडीवाले मान खाली घालून पुढे जात. मनात म्हणत, झाली की सांगतो.

"माणसाने निघताना दार उघडं टाकून बसावं का?" ते काकूला म्हणाले. "वारा लागेल ना त्याला."

काकू बादली उचलून दोरीकडे निघून गेली.

पुली मिळाली ती थोरले निघायच्या आदल्या दुपारी. पण झाली होती मात्र देखणी. गाडीवाल्यांनी ती भिंगाखाली धरली तेव्हा त्यांच्यासारख्या खोड काढणाऱ्या नजरेलाही खोड सापडली नाही. घरी आणून जराशी गरम केली, चावी बसवली, लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने ठोकत जागेवर नेली. वरच्या पुलीपासून खालच्या पुलीपर्यंत दोरा ताणून दोन्ही एका रेषेत आहेत ना ते पाहिलं. पट्टा चढवला. घसरायची भीती मनात इतकी बसलेली, की चांगला ताणून घट्ट केला. पाणी भरलं. हँडल मारलं.

गाडी सुरू झाली आणि किंचाळली नाही.

गल्लीतले लोक खिडक्यांतून डोकावले. इतक्या वर्षांची सवय. चीं चीं ऐकू आली नाही तर चुकल्यासारखं वाटणारच. गाडीवाल्यांनी बाजारापर्यंत चक्कर मारली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. परत आले, पुन्हा गेले. मग गल्लीतच इकडून तिकडे, तिकडून इकडे. प्रत्येक खेपेला थोरल्यांच्या दाराशी वेग कमी करायचे. वाटत होतं, दादा बाहेर येईल, काहीतरी बोलेल, अगदी टोमणासुद्धा मारेल, म्हणजे आपल्याला म्हणता येईल, 'उद्या हिच्यातूनच चल.'

दादा खुर्चीत होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग उठले आणि दार लावून घेतलं.

"आता झाली ना? जा की!" काकू म्हणाली.

"दमलाय तो. सकाळी सांगतो. सकाळीच तर जायचंय."

सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गाडी पुसली, मागच्या सीटवर वहिनींच्या गुडघ्यांसाठी उशी ठेवली, आणि फाटकातून गाडी मागे घेत बाहेर काढली. वळून पाहतात तो थोरल्यांच्या दारात टॅक्सी उभी. टपावर ट्रंका चढलेल्या, आणि टॅक्सीवाला दोरी आवळतोय. टॅक्सी सांगितलेली असणारच, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. माणूस स्टेशनला काय चालत जातो? एकट्या गाडीवाल्यांना ते सुचलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात दादा आपल्याच गाडीत बसलेला होता.

पानेवाले टॅक्सीचं दार धरून उभे होते. त्यांनी गाडी न्याहाळली. कान देऊन इंजिन ऐकलं. फिटरचा कान तो.

"झाली वाटतं," ते म्हणाले.

"झाली, दादा."

"आवाज करत नाही."

"नाही."

"छान." ते टॅक्सीत वाकून बसले आणि आतून म्हणाले, "म्हणजे तुझं काही अडलं नाही."

ह्यात टोमण्याची धार नव्हती. धार असती तर बरं झालं असतं. वहिनींनी काचेतून हात हलवला. टॅक्सी गेली.

गाडीवाले तिच्या मागे निघाले. उशी मागच्या सीटवर एकटीच बसलेली. टॅक्सी सिग्नलला थांबली की हे मागे थांबत. वळली की वळत. स्टेशनवर त्यांनी धावत जाऊन एक बॅग उचलली, ती हमालाने त्यांच्या हातून काढून घेतली. आगगाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते. थोरले पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, लावत होते.

"जा आता," ते शेवटी म्हणाले. "गाडी उन्हात उभी असेल."

"पोचलास की कळव."

"ही कळवेल," थोरले म्हणाले, आणि वहिनींकडे बोट दाखवलं.

वहिनींनी कळवलं. फोन काकूने घ्यायचा, पण काकू अंघोळीला गेली होती, म्हणून गाडीवाल्यांनी घेतला. घर मोठं आहे, जावई चांगला आहे, पाणी भरपूर आहे, सगळं सांगून झालं. मग वहिनींनी आवाज खाली आणला.

"भावजी, राग मानू नका, पण बोलते. यांनी मनाला फार लावून घेतलंय."

"काय, वहिनी?"

"तुमच्या बायकोने पुलर मागितला ना, त्या दिवशी हे उठून नाचायचेच बाकी होते. स्वतः घासला, ग्रीस लावलं. बाजूचे बोल्ट झिजले होते म्हणून बाजारात जाऊन नवे आणले. मला म्हणाले, बघ, परत द्यायला तो स्वतः येईल. चहाची भांडी खोक्यात बांधू दिली नाहीत मला. दार उघडं टाकून बसायचे. आणि तुम्ही तो पिशवीत घालून बायकोबरोबर पाठवलात. वर गाडी काय दारापुढून फिरवलीत, स्टेशनपर्यंत मागे काय आणलीत! म्हणाले, दाखवायला आला होता."

गाडीवाले भिंतीला टेकले. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. 'मला माहीत नव्हतं,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर काकू खोटी पडली असती, जावांच्या मध्येही एक भिंत उभी राहिली असती. आजवर दोघींची भिंत तेवढी टेकायची होती.

"चुकलं, वहिनी," ते म्हणाले.

"मला काय सांगता? हे घ्या, यांच्याशी बोला."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. खोकला.

"बोल."

"दादा..."

"तापते का?"

"नाही. काटा अर्ध्यावर राहतो."

"पट्टा कसा ठेवलायस?"

"आहे... व्यवस्थित."

"फार ताणू नकोस. तुला भीती वाटते म्हणून तू ताणणार. मधे अंगठ्याने दाबलास तर बोटभर आत गेला पाहिजे. घट्ट ठेवलास तर पंपाचं बेअरिंग खाईल."

"तसाच ठेवलाय."

"मग बरं आहे."

तिकडे कुठेतरी लहान मूल रडत होतं. मग थोरले म्हणाले, "ठेवतो," आणि त्यांनी ठेवला.

काकू केस पुसत बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि जागीच थांबली.

"कळलं?"

"कळलं."

"मी मागितला होता. दादांसमोर. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर घेतला असतात का?"

गाडीवाल्यांनी खरंच विचार केला. "नसता घेतला," ते म्हणाले.

"परत देताना सांगावंसं वाटलं हो. ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, आता भडकाल आणि पुली ठेवाल तशीच." ती टॉवेल पिळत राहिली, तो केव्हाच कोरडा झाला होता. "फोनवर बोललात ना? काय बोललात?"

"पट्टा बोटभर ढिला ठेव म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"ठेवलाय म्हणालो."

काकू पुढे काही विचारणार होती. पण ते पाना घेऊन बाहेर गेले होते. गल्लीने पाहिलं, गाडीवाले पुन्हा बॉनेटमध्ये. शेजारच्या उजव्या घरात नवी माणसं सामान उतरवत होती, त्यांच्यातल्या एकाने हसून विचारलं, "काय काका, बिघडली वाटतं?"

"नाही हो," ते आतूनच म्हणाले. त्यांनी नट सैल केला, पट्टा थोडा सोडला, मधे अंगठ्याने दाबून पाहिला. मग आणखी थोडा सोडला.